एसक्यूलाइट : बाराखडीनंतरचे धडे

गेल्या वर्षी दर रविवारी सकाळी वसतिगृहाच्या संगणक कक्षात एसक्यूलाइट या छोटेखानी डेटाबेस प्रणालीचा वर्ग भरत असे. नववी-दहावीचे विद्यार्थी, पाच-सहा माजी विद्यार्थी आणि दोन पालक असा तो संमिश्र वर्ग होता. टेबल तयार करणे, त्यात नोंदी भरणे, हव्या त्या नोंदी काढणे, बदलणे आणि पुसणे, म्हणजेच क्रिएट, इन्सर्ट, सिलेक्ट, अपडेट व डिलीट या पाच आज्ञांची ओळख झाली आणि वर्गाची मुदत संपली. शेवटच्या रविवारी बहुतेकांच्या तोंडी एकच प्रश्न होता : "सर, आता पुढे काय?" त्या वेळी मी घाईत दिलेले उत्तर माझे मलाच अपुरे वाटले. प्रस्तुत लेख हे त्याचे सविस्तर उत्तर आहे. जे वाचक त्या वर्गाला नव्हते त्यांनीही तो वाचण्यास हरकत नाही. कारण विषय संगणकाचा असला तरी अखेर तो नोंदवहीचाच विषय आहे, आणि नोंदवहीशी आपल्यापैकी प्रत्येकाचा संबंध कधी ना कधी आलेला आहे.

एसक्यूलाइटची ओळख दोन-चार वाक्यांत पुन्हा करून देतो. रिचर्ड हिप या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने २००० साली ही प्रणाली प्रथम प्रसिद्ध केली. मोठ्या डेटाबेसना स्वतंत्र सर्व्हर लागतो, तो चालू ठेवणारा माणूस लागतो. येथे सारी माहिती एकाच फाइलमध्ये राहते आणि ती फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर वहीसारखी नेता येते. आपल्या खिशातील प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि आयफोनमध्ये एसक्यूलाइट आहे. तिच्यावर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. कर्त्याने ती सर्वांसाठी मुक्त केली आहे आणि मूळ प्रोग्रॅमच्या फाइलींवर कायदेशीर सूचनेऐवजी वाचणाऱ्याला शुभेच्छा देणारा छोटासा मजकूर घातला आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने माहितीसंच दीर्घकाळ जपून ठेवण्यासाठी शिफारस केलेल्या प्रकारांत तिचा समावेश केला आहे. तेव्हा 'लाइट' या शब्दावरून ही खेळण्यातली वस्तू आहे असा समज कोणी करून घेऊ नये.

पुढचे पाऊल कोणते, हे मला एका चुकीने शिकवले. ती चूक माझीच होती आणि ती येथे प्रांजळपणे सांगणे आवश्यक आहे.

आपल्या शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरांतील नोंदी संगणकावर उतरवण्याचे काम काही वर्षांपूर्वी मी अंगावर घेतले. रजिस्टरांची पाने पिवळी पडली होती, कडा झिजल्या होत्या, एका रजिस्टराला तर ओल लागली होती. सुट्टीत बसून मी शेकडो नोंदी भरल्या. 'धर्म व जात' या रकान्यात निरनिराळ्या काळी निरनिराळ्या गुरुजींनी निरनिराळ्या प्रकारे लिहिलेले होते : कोठे 'बौद्ध', कोठे 'नवबौद्ध', कोठे 'हिंदू महार', कोठे 'बौध्द' असे अशुद्ध, कोठे नुसतीच आडवी रेघ. मला ते अव्यवस्थित वाटले. खरे सांगायचे तर काही ठिकाणी खटकलेही. एका संध्याकाळी मी अपडेटची एक ओळ लिहिली आणि त्या सर्व नोंदी एकसारख्या 'बौद्ध' केल्या. यादी नीटनेटकी दिसू लागली. आपण चांगले काम केले असे समाधान घेऊन मी घरी गेलो.

पुढे एका माजी विद्यार्थ्याच्या मुलीला अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र हवे होते. त्यासाठी वडिलांच्या शालेय नोंदीचा उतारा लागतो. मी संगणकावरून उतारा छापून दिला. सुदैवाने सहीपूर्वी कार्यालयातील लिपिकांनी मूळ रजिस्टर उघडून ताडून पाहिले. रजिस्टरात एक आणि माझ्या कागदावर दुसरेच. तो कागद तसाच पुढे गेला असता तर कागदपत्रांत विसंगती म्हणून त्या मुलीचे प्रकरण अडकले असते, आणि प्रवेशाची मुदत कोणासाठी थांबत नाही.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या समाजाच्या कागदोपत्री नोंदींचा प्रवास सरळ झालेला नाही. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडले. वैधतेच्या पडताळणीत अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख महत्त्वाची धरली जाते, म्हणून आजोबा-पणजोबांपर्यंतचे दाखले शोधावे लागतात. अशा वेळी जुन्या नोंदीत काय असायला हवे होते याला किंमत नसते. तेथे प्रत्यक्षात काय लिहिले आहे यालाच असते. जनरल रजिस्टरातील नाव, जन्मतारीख वा जात बदलायची तर शिक्षण विभागाची परवानगी घ्यावी लागते, ती उगाच नव्हे. मुख्याध्यापकांनाही जी मुभा नाही ती मी एका ओळीत घेतली होती. बरे, मूळ संगणकीय प्रतही मी ठेवली नव्हती. दोन सुट्ट्या घालवून तो संपूर्ण रकाना मी रजिस्टर समोर ठेवून पुन्हा टंकलिखित केला.

या प्रसंगातून निघालेले तांत्रिक धडे आता सांगतो.

पहिला धडा ट्रॅन्झॅक्शनचा. 'बिगिन' ही आज्ञा देऊन काम सुरू करावे, बदल करावा, बदललेल्या नोंदी पाहाव्यात आणि खात्री पटली तरच 'कमिट' म्हणावे. न पटल्यास 'रोलबॅक' म्हणताच सर्व काही पूर्ववत होते. शाईने लिहिण्याआधी पेन्सिलीने लिहून पाहण्याचाच हा प्रकार आहे. बिगिन न लिहिता अपडेट केले तर एसक्यूलाइट प्रत्येक आज्ञा संपताक्षणी पक्की करून टाकते. अपडेट किंवा डिलीट लिहिण्यापूर्वी तीच व्हेअरची अट घालून आधी सिलेक्ट चालवण्याची सवय लावून घ्यावी. किती नोंदी बदलल्या हे 'चेंजेस' हे फंक्शन सांगते. एक नोंद बदलायची असताना तेथे ८४० हा आकडा दिसला तर छाती धडधडेल, पण रोलबॅक अजून हातात असेल.

दुसरा धडा असा की मूळ नोंद आणि आपला अर्थ यांना वेगवेगळे रकाने द्यावेत. आता आमच्या टेबलमध्ये 'मूळ मजकूर' हा रकाना जसाच्या तसा राहतो, अशुद्ध लेखनासह, आडव्या रेघेसह. यादी गाळण्यासाठी किंवा मोजण्यासाठी लागणारा प्रमाणित शब्द शेजारच्या रकान्यात असतो. दाखला नेहमी पहिल्या रकान्यातूनच निघतो. मूळ रकान्यात बदल होऊच नये यासाठी ट्रिगर नावाची सोय आहे. ट्रिगर म्हणजे अमुक घडले की आपोआप तमुक करावे अशी डेटाबेसलाच देऊन ठेवलेली सूचना. मूळ मजकूर बदलण्याचा प्रयत्न झाल्यास एक ट्रिगर तो नाकारतो. इतर रकाने बदलल्यास दुसरा ट्रिगर जुनी किंमत, नवी किंमत आणि वेळ यांची नोंद 'इतिहास' नावाच्या टेबलमध्ये करून ठेवतो. रजिस्टरात चूक खोडताना वर सही करतात, व्हाइटनर लावत नाहीत. तीच शिस्त येथे संगणक पाळतो. मात्र एक मर्यादा लक्षात असू द्यावी : एसक्यूलाइटमध्ये वापरकर्त्यांची खाती नसतात, त्यामुळे बदल कोणी केला हे तिला आपण होऊन कळत नाही. ते नाव आपल्या प्रोग्रॅमने तिला पुरवावे लागते.

तिसरा धडा प्रतींचा. पेन ड्राइव्हवर फाइल उचलून टाकली म्हणजे बॅकअप झाला असे अनेकांना वाटते. प्रोग्रॅम चालू असताना उचललेली फाइल अर्धवट असू शकते. विशेषतः 'वॉल' पद्धत चालू असेल, म्हणजे नवे बदल आधी एका वेगळ्या फाइलमध्ये उतरवून नंतर मुख्य फाइलमध्ये घेण्याची २०१० पासून उपलब्ध असलेली पद्धत, तर मुख्य फाइलच्या शेजारी आणखी दोन फाइली दिसतात. केवळ मुख्य फाइल नेली तर ताज्या नोंदी मागेच राहतात आणि ही गोष्ट कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून एसक्यूलाइटची स्वतःची 'बॅकअप' आज्ञा किंवा २०१९ साली आलेली 'व्हॅक्यूम इन्टू' ही आज्ञा वापरावी; दोन्हींनी धड, पूर्ण प्रत मिळते. प्रत घेतल्यावर ती उघडून 'इंटेग्रिटी चेक' ही तपासणी चालवावी. एक प्रत शाळेच्या इमारतीबाहेर ठेवावी. मुंबईच्या पावसाळ्याचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना याचे कारण सांगण्याची गरज नाही.

आता टेबलांची रचना कशी करावी, या अधिक रंजक विषयाकडे वळू. येथे विद्यार्थी नेहमी अडखळतात, कारण पुस्तकांतील उदाहरणे 'ग्राहक' आणि 'मागण्या' यांची असतात. आमच्या वर्गाने वेगळे उदाहरण घेतले. बोरीवलीत राहून कान्हेरी पाहिली नाही असा आपला विद्यार्थी विरळाच. राष्ट्रीय उद्यानाच्या आत डोंगराच्या उतारावर खोदलेली ही शंभराहून अधिक लेणी आणि त्यांतील शिलालेख आमचा सरावाचा माहितीसंच ठरला. कारण शिलालेख म्हणजे खडकावर कोरलेल्या नोंदीच आहेत : कोण, कोठला, व्यवसाय काय, कशाचे दान दिले. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याची पोढी दिली, सोपाऱ्याच्या नागपालित नावाच्या मणिकाराने दान दिले, अशा त्या नोंदी आहेत. व्यापारी आहेत, गृहपती आहेत, भिक्खू आहेत, भिक्खुणीही आहेत.

पहिल्या प्रयत्नात मुलांनी एकच लांबलचक टेबल केले : लेणे क्रमांक, दाता, गाव, व्यवसाय, दान, काळ. दहा-बारा नोंदी होईपर्यंत ते चालले. मग अडचणी सुरू झाल्या.

पहिली अडचण क्रमांकाची. मुलांनी लेण्याचा क्रमांक हीच मुख्य ओळख, म्हणजे प्रायमरी की, धरली होती. पण कान्हेरीच्या लेण्यांना निरनिराळ्या अभ्यासकांनी निरनिराळे क्रमांक दिलेले आहेत. जुन्या ग्रंथातील क्रमांक आणि आज लेण्यासमोर दिसणारा क्रमांक जुळेलच असे नाही. ज्या गोष्टीचे नाव बाहेरचा कोणीतरी बदलू शकतो तिला प्रायमरी की करू नये. आपला स्वतःचा, अर्थहीन पण न बदलणारा अंक द्यावा आणि निरनिराळे क्रमांक वेगळ्या टेबलात 'कोणाच्या पद्धतीनुसार' या रकान्यासह ठेवावेत. शाळेतही हीच गोष्ट आहे. मुलांचा हजेरी क्रमांक दरवर्षी बदलतो, तुकडी बदलते. आडनावही बदलू शकते.

दुसरी अडचण अधिक मौजेची होती. नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतील लेख आहेत. इ. स. १००९ आणि १०२१ या वर्षी येथे येऊन गेलेल्या पारशी प्रवाशांनी आपली नावे त्यांत कोरून ठेवली आहेत. त्यांनी काही दान दिलेले नाही. ते केवळ पाहायला आले होते. आमच्या टेबलात मात्र प्रत्येक नोंदीला दाता आणि दान हवेच होते. एका विद्यार्थ्याने दानाच्या रकान्यात 'भेट' असे लिहून वेळ मारून नेली, आणि पुढे दानांची संख्या मोजताना पारशी प्रवाशांच्या भेटीही दानांत मोजल्या गेल्या! तेव्हा उमगले की लेख ही एक गोष्ट, व्यक्ती ही दुसरी आणि दान ही तिसरी. एका लेखात अनेक व्यक्ती येतात, कारण दाता आपल्या आईवडिलांना आणि कुटुंबीयांनाही पुण्यात सहभागी करतो. आणि काही लेखांत दान नसतेच. म्हणून लेणी, लेख, व्यक्ती, गावे आणि दाने अशी पाच टेबले झाली, आणि कोणती व्यक्ती कोणत्या लेखात कोणत्या नात्याने आली हे सांगणारे सहावे जोड-टेबल झाले. पुस्तकात ज्याला नॉर्मलायझेशन म्हणतात ते हेच. व्याख्या पाठ करून ते समजत नाही. पारशी प्रवासी दानशूर ठरले की समजते.

टेबले वेगळी केली की ती एकमेकांना धरून राहिली पाहिजेत. दान-टेबलात सतरा क्रमांकाच्या लेखाचा उल्लेख असेल तर सतरा क्रमांकाचा लेख अस्तित्वात हवा. ही अट फॉरेन की पाळते. परंतु एसक्यूलाइटमध्ये एक गंमत आहे, जिने अनेक जाणते लोकही फसले आहेत : जुन्या प्रोग्रॅमांशी जुळवून घेण्यासाठी फॉरेन कीची तपासणी मुळात बंद ठेवलेली असते. 'प्राग्मा फॉरेन कीज' ही सूचना प्रत्येक वेळी डेटाबेस उघडताना चालू करावी लागते. टेबल बनवताना अट लिहिली म्हणून ती पाळली जाते असे समजून आपण निर्धास्त राहतो आणि फाइलमध्ये अनाथ नोंदी साचत जातात.

काळाची नोंद हा तिसरा पेच. शके ७७५, म्हणजे इ. स. ८५३ च्या सुमाराचा, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या कारकिर्दीतील लेख कान्हेरीत आहे. तेथे गणित सोपे. पण सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या लेखात 'सोळावे वर्ष' असे राज्यवर्ष दिलेले असते, आणि ते इसवी सनाचे नेमके कोणते हे त्याच्या राज्यारोहणाचा काळ कोणता मानतो यावर अवलंबून राहते. अनेक लेखांना तर तारीखच नाही. अक्षरांच्या वळणावरून शतक ठरवतात. अशा ठिकाणी एकच आकडा भरणे म्हणजे आपल्याला नसलेले ज्ञान असल्याचा आव आणणे होय. आम्ही तीन रकाने केले : कोरलेली तारीख जशीच्या तशी, 'केव्हापासून' आणि 'केव्हापर्यंत'. आधुनिक तारखांसाठी मात्र वेगळा नियम आहे. एसक्यूलाइटमध्ये तारखेचा स्वतंत्र प्रकार नाही. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस या क्रमाने, महिना व दिवस दोन अंकी ठेवून मजकूर म्हणून तारीख लिहिली की ती आपोआप योग्य क्रमाने लागते आणि पाच जून की सहा मे हा वादही उरत नाही.

मजकूर आणि अंक यांवरून आपल्या भाषेचा एक खास धोका सांगितलाच पाहिजे. एसक्यूलाइट प्रकारांबाबत सैल आहे. रकाना पूर्णांकाचा आहे असे सांगूनही त्यात अक्षरे भरली तर ती निमूटपणे स्वीकारते. देवनागरी अंक तिला अंक वाटतच नाहीत! एका विद्यार्थ्याने मराठी कळफलक चालू ठेवून वयाच्या रकान्यात '१२' भरले. दुसऱ्याने इंग्रजी अंकांत भरले. पंधरापेक्षा मोठे कोण, असे विचारताच बारा वर्षांचा मुलगा यादीत हजर. कारण तुलना करताना कोणताही मजकूर कोणत्याही संख्येपेक्षा मोठा धरला जातो. यावर उपाय म्हणजे टेबल बनवताना शेवटी 'स्ट्रिक्ट' हा शब्द लिहिणे. २०२१ पासून ही सोय आहे. मग अशी नोंद जागीच नाकारली जाते. याउलट मोबाइल क्रमांक, पिन कोड, रजिस्टर क्रमांक हे दिसायला आकडे असले तरी त्यांची बेरीज कोणी करत नाही. ते मजकूर म्हणूनच ठेवावेत, नाहीतर सुरुवातीची शून्ये गळून पडतात.

लिपीचा दुसरा धोका डोळ्यांना दिसतच नाही. 'बऱ्हाणपूर' या नावातील अर्धा र दोन-तीन निरनिराळ्या प्रकारे टंकित होतो. पडद्यावर एकसारखा दिसतो, आत मात्र वेगळे संकेतांक असतात. 'ॲडव्होकेट'मधील पहिले अक्षर कोणी एक चिन्ह म्हणून लिहितो, कोणी अ आणि अर्धचंद्र मिळून. एसक्यूलाइट संकेतांकांची तुलना करते, दिसण्याची नव्हे. म्हणून समोर दिसणारे नाव शोधल्यावर सापडत नाही. अकारविल्हे लावतानाही तसेच होते. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, युनिकोडमध्ये तो ल ला चिकटून बसला आहे; क्ष हा क मध्ये जातो; आणि एकसंध ॲ तर ह च्याही पुढे, यादीच्या तळाशी जातो. नोंद भरतानाच प्रोग्रॅमने लेखन एका ठरावीक रूपात आणणे, आणि क्रम लावण्यासाठी वेगळा रकाना ठेवणे, हा आमचा साधा उपाय. ज्यांना पुढे जायचे आहे त्यांनी आयसीयू नावाच्या जोडप्रणालीचा अभ्यास करावा. शिलालेखांतही ही बहुरूपता आहेच : एकच डोंगर कोठे कण्हगिरि तर कोठे कृष्णगिरि. त्यासाठी गावांच्या टेबलाशेजारी 'नावांची रूपे' असे आणखी एक टेबल उपयोगी पडते, आणि माजी विद्यार्थ्यांच्या आडनावांनाही तीच युक्ती लागू पडते.

नावांवरून आठवले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नोंदीत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम शासनाने ठरवला आहे. ज्यांनी 'पूर्ण नाव' असा एकच रकाना ठेवला आहे त्यांना ही मुले शाळेत येऊ लागतील तेव्हा पंचाईत होईल. नावाचे भाग वेगळे ठेवावेत. जोडणे सोपे, तोडणे कठीण.

आता रिकाम्या जागेविषयी. अक्षरे झिजल्यामुळे दात्याचे गाव वाचता येत नाही, तेव्हा तेथे काय भरावे? 'नल' भरावे, म्हणजे माहीत नाही. कोरा मजकूर किंवा शून्य भरू नये. गाव नसणे आणि गाव ठाऊक नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परंतु नलशी वागताना सावध राहावे. 'गाव कल्याण नाही असे दाते' असा प्रश्न विचारला तर ज्यांचे गाव नल आहे ते उत्तरात येत नाहीत. 'गाव कल्याण आहे असे दाते' विचारले तरीही येत नाहीत. दोन्ही याद्यांची बेरीज एकूण संख्येइतकी भरत नाही, हे पाहून वर्गात बराच वेळ गोंधळ माजला होता. माजी विद्यार्थी मेळाव्याच्या निमंत्रणांच्या वेळी याच चुकीने आमच्याकडून एक गट वगळला गेला. मुंबईतील माजी विद्यार्थ्यांना फोन आणि मुंबईबाहेरच्यांना पत्र असे ठरले होते. ज्यांचे सध्याचे गाव आमच्याकडे नोंदलेले नव्हते त्यांना फोनही गेला नाही आणि पत्रही गेले नाही. त्यांपैकी काहींना कदाचित हे पान वाचतानाच त्याचे कारण कळत असेल. त्यांची मी मनःपूर्वक क्षमा मागतो. 'इज नल' ही अट वेगळी लिहायला मी त्यानंतर कधी विसरलो नाही.

याच जातीची चूक टेबले जोडतानाही होते. लेणी आणि लेख ही टेबले साध्या जॉइनने जोडली तर ज्या लेण्यात एकही लेख नाही ते लेणे यादीतून नाहीसे होते. लेफ्ट जॉइन वापरला तर ते राहते आणि लेखाच्या जागी नल दिसते. कान्हेरीत लेख नसलेली लेणी पुष्कळ आहेत, म्हणून हा फरक ताबडतोब डोळ्यांत भरतो.

इंडेक्सविषयी थोडक्यातच सांगतो, कारण आपल्या आकाराच्या कामात त्याची निकड क्वचितच भासते. ग्रंथाच्या शेवटी सूची असते तशी रकान्याची सूची डेटाबेसला करायला सांगता येते. 'एक्स्प्लेन क्वेरी प्लॅन' लिहून प्रश्न विचारला की एसक्यूलाइट सांगते की ती सर्व नोंदी एकेक करून चाळणार आहे की सूचीवरून थेट शोधणार आहे. काही हजार नोंदींत दोन्हींचा वेग सारखाच वाटतो. उगाच दहा इंडेक्स करून ठेवण्यात अर्थ नाही. प्रत्येक नव्या नोंदीबरोबर ते सर्व अद्ययावत करावे लागतात.

पायथन शिकत असलेल्या विद्यार्थ्यांनी मात्र एक गोष्ट आधीच शिकावी. पायथनमध्ये एसक्यूलाइटशी बोलण्याची सोय मुळातच दिलेली आहे. वापरकर्त्याने लिहिलेले नाव आज्ञेच्या मजकुरात चिकटवून आज्ञा बनवू नये. जागा सोडून प्रश्नचिन्ह ठेवावे आणि नाव वेगळे पाठवावे. आपल्याच बोरीवलीतील आयसी कॉलनीतले 'डि'सूझा' हे आडनाव चिकटवून पाहा, त्यातील एका उभ्या चिन्हाने आज्ञा मोडून पडते. सभ्य गृहस्थाच्या आडनावाने जे अजाणता घडते ते दुष्ट हेतूचा माणूस जाणूनबुजून घडवू शकतो.

आणि यातूनच शेवटच्या, पण माझ्या मते सर्वांत गंभीर मुद्द्याकडे येतो. एसक्यूलाइटच्या मुक्त आवृत्तीला कुलूप नाही. पासवर्ड नाही, खाती नाहीत. फाइल ज्याच्या हाती गेली त्याच्या हाती सर्व गेले. इतकेच नव्हे, तर डिलीट केलेल्या नोंदीचे अवशेषही 'व्हॅक्यूम' करेपर्यंत फाइलमध्ये राहू शकतात. शिलालेख सर्वांनी वाचावेत म्हणूनच कोरले गेले. वसतिगृहातील मुलांची जात, घरची परिस्थिती, आजारपण, आधार क्रमांक हे सर्वांनी वाचण्यासाठी नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळून घेतलेली संमती सांगितली आहे. म्हणून वर्गात सरावासाठी खऱ्या विद्यार्थ्यांची यादी आम्ही कधीही दिली नाही, कान्हेरीच दिली. रजिस्टराची फाइल कार्यालयातील एकाच संगणकावर, संपूर्ण डिस्क कूटबद्ध करून ठेवलेली आहे आणि ती व्हॉट्सॲपवर पाठवण्यास मनाई आहे, मागणारा कितीही परिचयाचा असला तरी.

"मग पोस्टग्रेस केव्हा शिकायचे?" असे एका माजी विद्यार्थ्याने विचारले होते. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो आणि नेटवर्कवरील सामायिक फोल्डरमध्ये फाइल ठेवून चार संगणकांवरून लिहिणे धोक्याचे असते. तीन-चार टेबलांवरून एकाच वेळी प्रवेशाच्या नोंदी करण्याची वेळ आली की सर्व्हर असलेल्या प्रणालीकडे जावे. तोपर्यंत घाई नको. वर सांगितलेली टेबलांची रचना, फॉरेन की, ट्रॅन्झॅक्शन आणि नलची सावधगिरी तेथेही तशीच उपयोगी पडते.

यंदाचा दुसरा वर्ग दिवाळीच्या सुट्टीनंतर याच कक्षात सुरू करण्याचा विचार आहे. येणाऱ्यांनी कान्हेरीला एकदा जाऊन किमान पाच लेण्यांच्या नोंदी स्वतः वहीत करून आणाव्यात : पोढी आहे का, बाक आहे का, लेख आहे का, तो कोठे कोरला आहे. जे वाचता आले नाही तेथे 'वाचता आले नाही' असेच लिहावे. ज्या माजी विद्यार्थ्यांचे नाव, पत्ता वा मेळाव्याचे निमंत्रण आमच्याकडून चुकले आहे त्यांनी आपला शाळा सोडल्याचा दाखला घेऊन कार्यालयात यावे. ओल लागलेल्या रजिस्टरातील एकवीस पाने अद्याप वाचायची राहिली आहेत, आणि त्या पानांवरची मुले आज आजी-आजोबा आहेत.